श्वासाची नळी काढण्याआधी मोजण्याची सक्ती करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या जाहिरातीत छेद किती लहान, घरी किती लवकर, सगळे छापलेले असते. भुलेबद्दल एक ओळ नसते. मी ठाण्यात भूलतज्ज्ञ आहे. घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत बोलावतील तिथे जातो. म्हणून हे पत्र.

दुर्बिणीच्या बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोटाचे स्नायू ताठ राहिले की आत जागा होत नाही आणि सर्जन म्हणतात, "पोट टाइट आहे, रिलॅक्संट द्या." म्हणजे स्नायू ढिले करणारे औषध. आम्ही रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम देतो. त्याने पोटाबरोबर घशाचे आणि श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. रोक्युरोनियमचा डोस उंचीनुसार काढलेल्या आदर्श वजनावर ठरतो. १३० किलोच्या पेशंटला काट्यावरचा आकडा धरून दिला, तर औषध उतरता उतरत नाही.

ते उतरले की नाही, हे आजही अनेक ठिकाणी पेशंटला ५ सेकंद डोके उचलायला लावून ठरवतात. डोके उचलणाऱ्याचा घसाही अर्धवट ढिला असू शकतो. मनगटाजवळच्या नसेला चार झटके देऊन अंगठ्याची हालचाल मोजणारा टीओएफ मॉनिटर असतो. चौथी हालचाल पहिलीच्या निदान ९० टक्के झाली की श्वासासाठी घशातून घातलेली नळी काढावी. हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे गेले की उरलेला फरक नुसत्या डोळ्यांना किंवा बोटांना कळत नाही. लठ्ठ पेशंटच्या फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा आधीच कमी, त्यात कित्येकांना घोरता घोरता श्वास अडकण्याचा आजार. रिकव्हरीत घसा मिटला तर हाताशी मिनिटेही नसतात.

रिलॅक्सेशन किती गाढ ठेवावे यावर आमच्यात वाद आहेत, ते आमच्यावर सोडा. उतरवण्याच्या औषधाचीही सक्ती नको. निओस्टिग्मिन स्वस्त आहे, पण गाढ परिणामापुढे चालत नाही. सुगामाडेक्स चालते, पण महाग आहे. शिवाय त्यानंतर ७ दिवस गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. या ऑपरेशनला तरुण बायका बऱ्याच येतात, त्यांना हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्यायला नको का?

सक्ती हवी ती मोजण्याची. १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, तेव्हा रुग्णहक्कांची सनद आली. त्याच नियमांखाली एक अट घाला : बेरिॲट्रिक करणाऱ्या प्रत्येक थिएटरमध्ये हा मॉनिटर असावा आणि नळी काढतानाचा आकडा भुलेच्या नोंदीत लिहिलेला असावा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला तो तपासावा. बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाने मशीन मागितले तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणता येते. नूतनीकरण अडले तर म्हणता येणार नाही.

आणि महापालिका रुग्णालयांच्या खरेदी यादीतही ते घ्या. पित्ताशयाच्या किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनलाही औषधे हीच लागतात.

आपला,
ठाण्यातील एक भूलतज्ज्ञ