आवाहन : डायलिसिस केंद्राच्या नव्या आरओ (पाणी शुद्धीकरण) प्लान्टसाठी

सस्नेह नमस्कार.

आपल्या डायलिसिस केंद्रात आज आठ मशीन आहेत. सोमवार ते शनिवार रोज तीन पाळ्या चालतात आणि 46 रुग्ण आठवड्यातून तीन वेळा येतात. पूर्वी याच लोकांना पहाटेची एसटी धरून मिरज गाठावे लागे. चार तासांच्या डायलिसिसपायी अख्खा दिवस जाई आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडे. ते थांबले ते आपल्याच माणसांमुळे. त्यांचे ऋण आधी मान्य केल्याशिवाय पुढचे मागणे मांडता येणार नाही.

पहिले मशीन पेठेतल्या सराफ कुटुंबाने दिले. वडिलांच्या वर्षश्राद्धाची पंगत रद्द करून ती रक्कम त्यांनी केंद्राच्या हवाली केली आणि फोटोलाही उभे राहिले नाहीत. दुसरे, तिसरे आणि चौथे मशीन गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत पसरलेल्या आपल्या बांधवांचे. गावापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर राहूनही त्यांनी एका यात्रेच्या चार दिवसांत वर्गणी पुरी केली. दोन मशीन हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने दिले. उरलेले दोन दोघा शेतकरी भावांनी डाळिंबाच्या चांगल्या हंगामात दिले. जनरेटर आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या फंडातून आला. दोन गणेश मंडळांनी डॉल्बीला फाटा देऊन चार खुर्च्या दिल्या. तिसऱ्या पाळीला रुग्णासोबत थांबणाऱ्यांच्या भाकरी-भाजीची सोय बचत गटाच्या ताई आजही करतात, त्याची नोंद कोणत्याच पावतीपुस्तकात नाही.

आता मनाला लागलेली एक गोष्ट. पाण्याच्या प्लान्टसाठी आम्ही दिवाळीत आवाहन केले होते. सहा जणांनी मदत दिली. त्याच महिन्यात नवे मशीन देऊ इच्छिणारे तिघे येऊन गेले. त्यांना हात जोडून थांबा म्हणावे लागले, कारण नवव्या मशीनला द्यायला पाणीच नाही. मशीनवर देणगीदाराचे नाव झळकते, पाण्यातला क्लोरीन काढणाऱ्या कार्बनच्या टाकीवर ते कोणी वाचत नाही, हे आम्हीही जाणतो. पण रुग्णाचा जीव मशीनइतकाच त्या टाकीवर अवलंबून आहे, हे एवढ्या दिवसांत आम्हाला नीट पटवून देता आले नसेल, तर आज सविस्तर सांगतो.

डायलिसिसच्या वेळी मशीनमधून मिनिटाला 500 मिलिलिटर द्राव वाहतो. चार तासांचे 120 लिटर, आठवड्याचे 360. आपण पितो ते पाणी आतड्यातून गाळले जाते आणि जास्तीचे क्षार मूत्रपिंड बाहेर टाकते. डायलिसिसच्या रुग्णाला ही दोन्ही राखणे नाहीत. त्याचे रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, आणि पाण्यातले जे त्या पडद्यातून जाईल ते थेट रक्तात. म्हणून पिण्याचे चांगले पाणी डायलिसिसला चांगले असतेच असे नाही.

हे जगाला फार मोठी किंमत मोजून कळले. अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. ॲलन अल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये डायलिसिसच्या काही रुग्णांत एक विचित्र आजार नोंदवला. आधी बोलणे अडखळते, मग हातापायांना झटके येतात, फिट्स येतात, स्मृती जाते आणि काही महिन्यांत मृत्यू. मशीन ठीक, रक्ताचे रिपोर्टही इतरांसारखेच. 1976 मध्ये त्यांनी मृतांच्या मेंदूतले ॲल्युमिनियम मोजून प्रसिद्ध केले. या आजाराने गेलेल्यांच्या मेंदूच्या करड्या भागात दर दशलक्ष भागांत 25 भाग, इतर कारणांनी गेलेल्या डायलिसिस रुग्णांत 6.5, आणि मूत्रपिंड निरोगी असलेल्यांत 2.2. पहिला संशय फॉस्फेट कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या औषधावर होता, आणि तोही खोटा नव्हता. पण पुढे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांचे काम आणि 1979 मधली ब्रिटनमधल्या 18 केंद्रांची पाहणी यांतून बोट पाण्याकडे वळले. जिथल्या पाण्यात ॲल्युमिनियम जास्त, तिथेच हा आजार आणि हाडे मोडण्याचे प्रमाणही जास्त.

हे ॲल्युमिनियम पाण्यात आले कुठून? बरेचदा तुरटीतून. पावसाळ्यात आपण हंड्यात फिरवतो तीच तुरटी. जलशुद्धीकरण केंद्रावर गाळ बसवायला तिच्याच जातीचा ॲलम पोत्यांनी टाकतात. त्यात चूक काहीच नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.03 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 0.2 पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. डायलिसिसच्या पाण्याला मर्यादा 0.01 ची आहे.

इथेच आपला जुना प्लान्ट कमी पडतो. टाकीतल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (त्यातल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) 1800 च्या आसपास असते. मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा, नवी होती तेव्हा पलीकडे 30 यायची, आता 160 येते. म्हणजे क्षार अडवण्याचे प्रमाण 98 टक्क्यांवरून 91 वर आले. याच हिशोबाने 0.2 मिलिग्रॅम ॲल्युमिनियमचे पाणी आले, तर पूर्वी 0.004 पार जायचे, आज 0.018 जाईल. ॲल्युमिनियम इतर क्षारांपेक्षा काहीसे जास्त अडते हे खरे, पण त्या भरवशावर 46 माणसे ठेवता येत नाहीत. कार्बन आणि सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारी टाकी) ॲल्युमिनियमवर भरवशाचे नाहीत. खरी आडकाठी फक्त मेम्ब्रेनची.

मेम्ब्रेन बिघडली ती सॉफ्टनर लहान असल्यामुळे. आपल्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 600 मिलिग्रॅम. सॉफ्टनरमध्ये कठीणपणा धरून ठेवणारे 50 लिटर रेझिन आहे, ते सुमारे 4,100 लिटर पाण्यानंतर दमते. रोजची 23 सेशन, दर सेशनला धुणे-प्रायमिंग धरून 160 लिटर, म्हणजे 3,700 लिटर शुद्ध पाणी, तेवढेच रिजेक्ट, म्हणजे मेम्ब्रेनने बाहेर टाकलेले पाणी. टाकीतून 7,400 लिटर ओढले जातात. मिठाने रेझिन पुन्हा ताजे करणे, म्हणजे रिजनरेशन, रात्री होते, त्यामुळे दुपारनंतर क्षाराचे पाणी थेट मेम्ब्रेनवर आदळते. दुपारी पुन्हा करायचे तर प्लान्ट दीड तास बंद ठेवावा लागेल, आणि तेव्हा आठ जणांचे रक्त मशीनमधून फिरत असते.

क्लोरीनचे दुखणे वेगळे. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर सुरू होतात आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने पडते. कधी मुळीच नाही, कधी डोळे चुरचुरतील इतकी. क्लोरीन आणि क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचे संयुग) मेम्ब्रेन नीट अडवत नाही, उलट क्लोरीनच मेम्ब्रेन खाते. ते काम कार्बनचे. क्लोरामाइन रक्तात गेले तर तांबड्या पेशी फुटतात. थोडे थोडे जात राहिले, तर इंजेक्शने देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. कार्बनमध्ये पाणी दोन टाक्यांत मिळून दहा मिनिटे राहायला हवे. आपल्याकडे 30 लिटरची एकच टाकी, पाणी त्यात साडेतीन मिनिटे थांबते. आमचे टेक्निशियन प्रत्येक पाळीआधी प्लान्ट 15 मिनिटे चालवून क्लोरीनची डीपीडी तपासणी करतात, कारण ग्रामपंचायतीच्या ओटी टेस्टच्या पिवळ्या रंगावरून 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा ओळखता येत नाही. पण टाकी एकच असेल, तर ती फसली की पाळी रद्द करणे एवढाच मार्ग उरतो. पहिली फसली तरी दुसरी तोलून धरते, म्हणून दोन टाक्या लागतात.

टँकरवर चालणाऱ्या केंद्राने ब्राझीलमधल्या कारुआरूची आठवण ठेवायला हवी. 1996 च्या फेब्रुवारीत तिथल्या केंद्रात पुरेसे शुद्ध न केलेले धरणाचे पाणी टँकरने आले. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष होते. 131 पैकी 116 रुग्णांना उलट्या आणि दृष्टीचा त्रास झाला, 100 जणांचे यकृत निकामी झाले, पन्नासहून अधिक माणसे दगावली.

क्षमतेचेही तेच. जुना प्लान्ट तासाला 250 लिटरचा, आठ मशीनना लागतात 240. पाळी बदलताना सगळे मशीन एकदम रिन्सला (धुण्याला) गेले की साठवणीची टाकी तळ गाठते. त्याच वेळी कोणाचे डायलिसिस चालू असेल, तर मशीन बायपासला जाते. रक्त फिरत राहते, शुद्ध होत नाही.

नवा प्लान्ट तासाला 500 लिटरचा. वाळूचा फिल्टर, 125 लिटर रेझिनचा सॉफ्टनर, एकामागे एक 100-100 लिटर कार्बनच्या दोन टाक्या आणि मध्ये नमुन्याचा नळ, 5 मायक्रॉनचे कार्ट्रिज, मेम्ब्रेन, निमुळत्या तळाची स्टीलची टाकी, जंतू मारणारा यूव्ही दिवा, 0.2 मायक्रॉनचा फिल्टर. पाणी सतत फिरत टाकीत परत येईल अशी लूप, तिला कुठेही बंद टोक नाही, कारण थांबलेल्या पाण्यातच जंतू थर धरतात. दुष्काळी भागात एवढे पाणी वाया का, असे विचारणाऱ्यांना : रिजेक्ट पाणी रुग्णाला लागलेले नसते, फक्त क्षाराचे असते. ते संडास आणि फरशीसाठी वेगळ्या टाकीत जाईल.

खर्च : वाळू फिल्टर, सॉफ्टनर, कार्बन 2,60,000, आरओ युनिट 3,90,000, टाकी, पंप, यूव्ही, फिल्टर 2,35,000, लूप 1,75,000, वायरिंग, फिटिंग, पहिल्या तपासण्या 90,000. एकूण 11,50,000 रुपये. दिवाळीतल्या सहा जणांची मदत आणि केंद्राची ठेव मिळून 3,20,000 हाती आहेत. हवेत 8,30,000. पावसाचे गढूळ पाणी येण्याआधी काम व्हायला हवे. जंतूंच्या तपासणीचा रिपोर्ट यायलाच सात दिवस लागतात. तोवर जुना प्लान्ट चालू राहील आणि जोडणी शनिवारच्या शेवटच्या पाळीनंतर होईल, म्हणजे एकही सेशन बुडणार नाही. चैत्राच्या यात्रेला येणाऱ्या गलाई बांधवांनी केंद्रात येऊन जुनी मेम्ब्रेन आणि रजिस्टर डोळ्यांनी पाहावे. रोख रक्कम नको. चेक किंवा ट्रस्टच्या खात्यावर, पावती त्याच दिवशी, आयकर सवलतीसाठी पॅन आणावा. ऑफिस सकाळी 10 ते 5, रविवारी बंद. ज्यांना मोठी रक्कम जमत नाही त्यांनी मीठ द्यावे : एका रिजनरेशनला 19 किलो, महिन्याला 50 किलोची 10 पोती, स्वच्छ जाडे मीठ, मातीचे नको. टँकरवाल्या बांधवांना एकच विनंती, आमच्या टाकीत पाणी सोडण्याआधी पाणी कुठले आणि टीसीएल किती टाकली, तेवढे टेक्निशियनला सांगावे.

आपला,
सचिव