बर्मिंगहॅमहून पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, "दुकान नाही, गडी नाही, एकटीनं कसला धंदा करतेस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. आजूबाजूला माणसं होती, म्हणून नीट बोलले नाही.

मी चांदीचे दागिने घडवते. माझी जागा म्हणजे ज्वेलरी क्वार्टर या इथल्या दागिने घडवणाऱ्यांच्या वस्तीतल्या जुन्या विटांच्या इमारतीत भाड्यानं घेतलेलं एक बाक. बाकाला पुढून अर्धगोल खाच असते, तिच्यात शिरून बसायचं. खाली चामड्याची झोळी. कानशीचा कीस तिच्यातच पडतो. तो साठवून मी गाळायला विकते. आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्यावरची माती धुतात, त्यातलाच प्रकार.

आणि एकटी कुठली? आपल्या हुपरीत पैंजणाची तार एका घरी ओढतात, कड्या दुसऱ्या घरी जोडतात, घुंगरू तिसरीकडे, पॉलिश चौथीकडे. इथंही तेच! ओतकाम एका गल्लीत देते, खडे बसवायला दुसरीत. डिझाइन, झाळणं, कानस मारणं माझं. स्मिथ अँड पेपर म्हणून इथला एक कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, तो हत्यारांसकट होता तसा संग्रहालयात ठेवलाय. आई, तिकीट काढून बघायला जातात लोक. आपल्या माडीवर फुकट दिसलं असतं.

७.७८ ग्रॅमपेक्षा जड दागिना चांदीचा म्हणून विकायचा तर हॉलमार्क लागतोच. धातूचा कस तपासून तो मारणारं इथलं ॲसे ऑफिस १७७३ पासूनचं, त्याची खूण जहाजाचा नांगर. गावाला समुद्र नाही, तरी नांगर! त्याच्या शेजारी चांदीच्या शुद्धतेचा आकडा ९२५ आणि माझी आद्याक्षरं उमटतात. आई, तू इतकी वर्षं कड्या जोडल्यास, एकाही पैंजणावर तुझं अक्षर नव्हतं. शिक्का मारून आलेला पहिला दागिना हातात घेतला तेव्हा हेच मनात आलं.

पैशाचं खरं सांगते. गॅलरीवाले निम्म्याच्या आसपास ठेवून घेतात. भाडं निघतं ते दुरुस्तीवर: अंगठी सैल कर, तुटलेली साखळी झाळ. उरलेला वेळ फोटो, पार्सलं, हिशेब यांतच जातो. चांदी चढल्यापासून पत्रा घेताना धस्स होतं. तरी भागतंय, पैसे पाठवायचं मनातही आणू नका.

बाबा, तुमचं तार ओढायचं बारीक भोकांचं जंतर मोडीत घालू नका. दिवाळीला येईन तेव्हा घेऊन जाईन. दादाला सांगून त्याला तेल लावून ठेवा, पावसाळ्यात गंजेल.

तुमची,
सुमी