विज्या, मॅस्टोडॉनवर सुनंसुनं का वाटतं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
8 जुलै

प्रिय विज्या,

"खातं काढलं, पण आत चिटपाखरू नाही," हा मॅस्टोडॉनबद्दलचा, म्हणजे एक्ससारख्या त्या छोट्या पोस्टच्या जाळ्याबद्दलचा, तुझा मेसेज मिळाला. गंगावेशीत दूध कट्ट्यावर तोंडी सांगता आलं असतं, पण त्यातलं निम्मं तू कसबा बावड्याला पोचेपर्यंत विसरला असतास. म्हणून लिहून देतो. मोबाइल शेजारी उघडा ठेव.

चिटपाखराचं आधी. फेसबुक, इन्स्टा, एक्स इथे नवा माणूस आला की कंपनीच ताट वाढते: हे बघ, ते बघ, यांना ओळखतोस का. मॅस्टोडॉनवर वाढपी कुणी नाही. होममध्ये येतात ती तू फॉलो केलेली माणसं आणि तू फॉलो केलेले हॅशटॅग, तेही वेळेच्या क्रमाने. तू धरलीस सहा माणसं, त्यातली चार आठवड्यातून एकदा लिहिणारी. मग पान हलणार कसं? पहिल्या आठवड्यात निदान पन्नास जणांना फॉलो कर. नको वाटले तर नंतर काढून टाक, त्यांना त्याची सूचना जात नाही.

तुझं दुसरं कोडं नावातल्या दोन ॲटचं, म्हणजे @नाव@सर्व्हर अशा पत्त्याचं. मॅस्टोडॉन ही एक साइट असं धरून चाललास म्हणून ते अडलं. हे सॉफ्टवेअर आहे. जर्मनीतल्या युजेन रोच्कोने ते 2016 मध्ये आणलं, आणि कुणीही आपल्या सर्व्हरवर चढवावं म्हणून फुकट ठेवलं. हजारो सर्व्हर त्यावर चालतात. आपल्या तालमींसारखं समज. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रत्येकाची जागा वेगळी, पोरं वेगळी, वस्ताद वेगळा. पण शाहू स्टेडियमवर उतरले की फुटबॉलचे नियम सगळ्यांना तेच. इथे तो नियम म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये मानक म्हणून मान्य केलेला. त्यामुळे एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करता येतं, फोटोंच्या पिक्सेलफेडवरच्या आणि व्हिडिओंच्या पीअरट्यूबवरच्यालाही. ब्लूस्काय या दुसऱ्या जाळ्याचा नियम वेगळा आहे, तिथले लोक इथे सरळ दिसत नाहीत. नावातला पहिला ॲट तुझा, दुसरा तुझ्या तालमीचा. बस.

तालीम कुठली, यावर मात्र डोकं खर्च. ॲप उघडल्यावर समोर येतो तो मॅस्टोडॉन डॉट सोशल, खुद्द मॅस्टोडॉनवाल्यांचा, सगळ्यात मोठा. पहिल्या महिन्यासाठी बरा. फक्त त्याची लोकल टाइमलाइन, म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पोस्टची रांग, म्हणजे दिवाळीतला महाद्वार रोड, कोण कुठून आलं नि कुठे गेलं काही कळत नाही. लहान सर्व्हरवर लोकल टाइमलाइनला अर्थ येतो, कारण तिथे त्याच विषयाची किंवा भाषेची माणसं असतात. पण लहान सर्व्हर घेताना त्याचं 'अबाउट' पान वाचल्याशिवाय ईमेल देऊ नकोस. चालवतो कोण, नियम काय, पैसे कुठून येतात, हे तिथे दिसलं पाहिजे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला रोज बॅकअप घ्यावा लागतो, अडचणीच्या वेळी आत जाऊ शकेल असा दुसरा माणूस ठेवावा लागतो आणि बंद करायचं झालं तर 3 महिने आधी सांगावं लागतं. यादीतलाच निवडलास की निम्मी काळजी गेली. वेबपत्त्याची शेपटीही बघ, म्हणजे डॉट इन, डॉट कॉमसारखा शेवटचा तुकडा. अफगाणिस्तानच्या शेपटीवर चालणारा एक सर्व्हर फेब्रुवारी 2024 मध्ये बंद पडला, कारण तालिबानच्या हातातल्या मंत्रालयाने पत्ताच काढून घेतला. सर्व्हर धडधाकट होता, दारावरची पाटी गेली.

काही सर्व्हर 'का यायचंय?' असं विचारतात. तिथे "जस्ट जॉइनिंग" लिहिलंस तर अर्ज पडून राहील. वाचणारा बहुतेक वेळा नोकरी सांभाळून हे फुकट करणारा माणूस असतो. कुठला, कशावर लिहिणार, एवढी दोन वाक्यं धड लिही.

आत गेल्यावर लगेच करायची कामं, आणि ती याच क्रमाने. फोटो लाव, परिचयात चार ओळी लिही, मगच लोकांना फॉलो करायला लाग. लोक परत फॉलो करण्याआधी तुझं पान उघडून बघतात. कोरं पान म्हणजे बॉट, यंत्राने चालवलेलं खातं, असं धरतात. मग ओळखीची एक पोस्ट लिही, मर्यादा 500 अक्षरांची आहे, आणि ती प्रोफाइलवर पिन कर. सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या पानावर दोन खुणा आहेत: एक प्रोफाइल इतरांना सुचवायला परवानगी, दुसरी पोस्ट शोधात येऊ द्यायची. दुसरी केली नाहीस तर तुझं लिखाण शब्दाने शोधून सापडणार नाही. 2023 च्या 4.2 आवृत्तीपासून शब्दशोध आला, पण ज्याने हो म्हटलं त्याच्यापुरताच.

म्हणून इथे हॅशटॅगला किंमत आहे, आणि मराठी माणूस नेमका तिथे मार खातो. #कोल्हापूर आणि #कोल्हापुर हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे टॅग. ऱ्हस्व-दीर्घाची चूक एरवी बाई लाल शाईने दाखवायच्या, इथे ती तुला दुसऱ्याच खोलीत नेऊन बसवते. आधी दोन्ही शोधून बघ, वर्दळ कुठे आहे ते पाहा, मग तोच धर. टॅगमध्ये मोकळी जागा आणि जोडरेघ चालत नाही: #कोल्हापुरी मिसळ लिहिलंस तर टॅग 'कोल्हापुरी'वर संपतो आणि मिसळ बाहेर राहते. पोस्टमागे तीन-चार टॅग पुरे.

भाषेचं बटण तर कुणाच्या लक्षातच येत नाही. लिहायच्या चौकटीखाली ते बारीक असतं. तिथे इंग्रजी राहिलं आणि तू मराठीत लिहिलंस, तर ज्यांनी सार्वजनिक टाइमलाइनवर फक्त मराठी मागितली आहे त्यांना तू दिसणारच नाहीस. आणि इंग्रजी मागणाऱ्यांच्या पुढ्यात तुझी देवनागरी जाऊन पडेल. बटण मराठीवर ने आणि सेटिंगमध्ये कायमचीच मराठी करून टाक.

आता सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट. कुणी व्हॉट्सॲपवर मॅस्टोडॉनची लिंक पाठवली, तू दाबलीस, पान उघडलं, फॉलो करायला गेलास तर लॉगिन मागतंय. पासवर्ड टाकलास, चुकीचा म्हणतंय. पासवर्ड बरोबरच आहे, तू फक्त दुसऱ्याच्या तालमीच्या दारात उभा आहेस. ती लिंक कॉपी कर, आपल्या ॲपमधल्या शोधाच्या चौकटीत टाक, एन्टर मार. दोन-चार सेकंदांत तीच पोस्ट तुझ्या सर्व्हरवर उमटेल, आणि मग फॉलो, उत्तर, बूस्ट (दुसऱ्याची पोस्ट आपल्या फॉलोअरांपुढे ठेवणं) सगळं चालेल. ही एक युक्ती हाताला बसली की निम्म्या तक्रारी मिटतात.

पलीकडच्या माणसाचं प्रोफाइल उघडल्यावर दोनच पोस्ट दिसल्या तर तो आळशी आहे असं समजू नकोस. तुझ्या सर्व्हरवरच्या कुणीतरी त्याला फॉलो केल्यानंतरचंच सहसा इकडे येतं. जुनं त्याच्या घरी राहतं. फॉलोअरांचे आकडे आणि उत्तरंही अशीच कमी दिसतात. नव्या आवृत्त्या राहिलेली उत्तरं ओढून आणतात, तरी शंका आली तर मूळ पान उघडून बघ.

तारा आणि बूस्ट यांतही लोक गल्लत करतात. तारा म्हणजे लिहिणाऱ्याला 'वाचलं, आवडलं' एवढंच. त्याने पोस्ट दुसऱ्या कुणाच्या होममध्ये जात नाही. पुढे जाते ती बूस्टने. जुलै सुरू आहे, तुझ्या बावड्याचंच उदाहरण घे. तू पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याची पोस्ट टाकलीस, 39 फूट, इशारा पातळी. चाळीस तारे पडले आणि बूस्ट एकही नाही, तर ती तुझ्याच फॉलोअरांत आणि टॅग बघणाऱ्यांत फिरेल. पोस्टमध्ये वेळ लिही, #पंचगंगा टाक आणि पाणीपातळीच्या फळीचा फोटो असेल तर त्याखालच्या चौकटीत फोटोत काय आहे ते शब्दांत लिही. न दिसणारे लोक स्क्रीन रीडरवर तेच ऐकतात, आणि इथे वर्णन नसलेला फोटो बरेच जण बूस्टच करत नाहीत. पाणी वाढून धोक्याच्या 43 फुटांकडे निघालं तर जुनी पोस्ट दुरुस्त करत बसू नकोस. दुरुस्ती केली की बूस्ट करणाऱ्यांना सूचना जाते खरी, पण पोस्ट आपल्या जुन्या वेळेलाच चिकटून राहते, वर येत नाही. आधीच्या पोस्टला उत्तर म्हणून नवी टाक.

पोस्ट कुणाला दिसावी याचे चार पर्याय आहेत: सगळ्यांना, सगळ्यांना पण गाजावाजा न करता, फक्त फॉलोअरांना, फक्त ज्यांचं नाव घेतलं त्यांना. शेवटच्यात गोम आहे. तो व्हॉट्सॲपसारखा कुलूपबंद निरोप नाही, सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. आणि बोलताबोलता तिसऱ्याचं नाव ॲट लावून घेतलंस, तर त्यालाही ती पोस्ट पोचते. म्हणजे ज्याच्याबद्दल कुजबुज, त्याच्याच हातात चिठ्ठी! आधार आणि बँकेचं तर इथे काढूच नकोस.

पुढे तालीम बदलायची झाली तर सोय आहे, पण अर्धीच. आधी नव्या खात्यात जाऊन जुन्याचा पत्ता 'उपनाम' म्हणून नोंदव, मग जुन्या खात्यातून 'स्थलांतर' दाब. क्रम उलटा केलास तर होत नाही. फॉलोअर आपोआप नव्याकडे वळतात. तू ज्यांना फॉलो करतोस त्यांची, ब्लॉकची आणि बुकमार्कची यादी फाइल म्हणून उतरवून नव्यात चढवावी लागते. पोस्ट मात्र येत नाहीत, त्या जुन्या घरात राहतात. एकदा हललास की त्याच खात्यातून पुढचे 30 दिवस परत हलता येत नाही. आणि हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच. यादीची फाइल महिन्यातून एकदा उतरवून ठेवत जा. 'कू' हे ट्विटरसारखं देशी ॲप जुलै 2024 मध्ये बंद झालं तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यांना फॉलोअर घेऊन निघायला दारच नव्हतं. इथे ते आहे, पण चावी आपण खिशात ठेवायची.

एखादा त्रास देत असेल तर आधी म्यूट, मग ब्लॉक, नाहीतर तक्रार. ती थेट सर्व्हरच्या वस्तादाकडे जाते. आख्खा सर्व्हरच टारगटांचा असेल तर तोही तुझ्यापुरता बंद करता येतो.

आज रात्री एवढं कर: फोटो, चार ओळी, भाषेचं बटण, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारं कुलूप) आणि त्याचे रिकव्हरी कोड कागदावर. मग मला तुझा पूर्ण पत्ता पाठव, दोन्ही ॲटसकट. नुसतं 'विजय' कळवलंस तर माझ्या सर्व्हरवरचा कुणी दुसराच विजय निघेल, आणि राजाराम बंधाऱ्याचं पाणी मी त्याला विचारत बसेन.

तुझा,
बाळ्या