आई-बाबांना: या खेपेस न येण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

या खेपेस आम्ही येणार नाही, हे ठरवूनच पत्र लिहायला बसले आहे. तुमच्या नातवाचा फ्लूचा ताप उतरला आहे, तो खेळतोही आहे. पण लहान मुलांच्या शरीरातून हा विषाणू मोठ्यांपेक्षा अधिक दिवस बाहेर पडत राहतो. शिवाय फ्लूची लागण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच होऊ शकते, त्यामुळे मी आज धडधाकट असले तरी माझाही भरवसा नाही.

आई, ताप कोणाला येत नाही, असे तू म्हणशील. परंतु बाबांना मधुमेह आहे, त्यांच्या बाबतीत ताप नुसता ताप राहत नाही. विषाणूशी झुंजताना शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके अधिक सोडते, यकृत रक्तात साखर ओतू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो; म्हणूनच मागच्या आजारपणात पोटात काही नसतानाही बाबांची साखर चढत गेली होती. चढलेली साखर पुन्हा पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद कमी करते, आणि दोन्ही दुखणी एकमेकांना बळ देत राहतात. कोविडच्या काळात मधुमेह असलेल्यांना आजार अधिक गंभीर झाला, तो यामुळेही. आई, तुझी साखर उत्तम आहे, पण 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत नुसत्या लठ्ठपणानेही धोका वाढतो, हे स्पष्ट दिसले. तुझे मन दुखवायला हे लिहीत नाही, काळजी दोघांचीही वाटते एवढेच.

तुमची गैरसोय होणार नाही. औषधे घरपोच येतील, रात्री सोबतीला ओळखीच्या मावशी असतील, आणि दोघांच्याही फ्लूच्या लशीची वेळ मी घेऊन ठेवली आहे. विषाणू रूप बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते आणि संरक्षण मिळायला साधारण 2 आठवडे जातात, तेव्हा पुढे ढकलू नका.

बाबा, माझ्या गोवराच्या तापात तुम्ही रात्रभर कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत बसला होता, आणि आता तुमच्या तापात मी जवळ असेनच असे नाही, याचे फार वाईट वाटते. म्हणून एवढे ऐकाच. ताप आला, जेवण गेले नाही, तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचे नाही. दर 4 तासांनी साखर तपासून वहीत लिहायची आणि पाणी पीत राहायचे. उलट्या-जुलाब झाल्यास मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, त्यामुळे डॉक्टरांना लगेच फोन करायचा. धाप लागली, गुंगी आली किंवा उलट्या थांबेनात, तर मला विचारत न बसता थेट रुग्णालय गाठायचे.

आई, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत आजच बघ आणि संपत आली असेल तर कळव, म्हणजे मी नव्या पाठवते.

तुमची,
छकुली