नदीकाठची मॅच

दांडिया बाजार, बडोदा
रविवार

प्रिय नीलू,

सप्रेम नमस्कार. आधी हसून घे, मग पुढे वाच. काल दुपारी मी फुटबॉलची मॅच बघितली. टीव्हीवर नाही, मैदानावर, तीही आत्याला बरोबर घेऊन!

तुमच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. आपण बडोदेकर मात्र जन्मभर क्रिकेटमधले हजारे, गायकवाड, पठाण, पांड्या करत बसलो. त्यामुळे ठरवून मी कधी गेलेच नसते. झालं असं, की आत्याचे ब्लाऊज आणायला समा भागात गेलो, तर शिंपी म्हणाला, तासाभराने या. तेवढ्यासाठी दांडिया बाजारात परत कोण येतंय? लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, शेंगा घेतल्या आणि नदीच्या बाजूला वळलो. तिकडे शिट्टी वाजत होती.

नदी म्हणजे आपली विश्वामित्री. तुमच्या पंचगंगेसारखं घाटावर पाय सोडून बसायची सोय नाही. पलीकडच्या उतारावर दोन मगरी ऊन खात पडल्या होत्या. २०२५ च्या मोजणीत चारशेच्या वर भरल्या म्हणे. २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या ते तुला फोनवर सांगितलंच होतं. अलीकडच्या काठाला मैदान, आणि पोरं अशी खेळत होती जणू पलीकडे म्हशी बसल्यात.

आम्ही गोलच्या खांबापासून चार हातांवर, पालथ्या क्रेटवर बसलो. जाळी नव्हतीच. उत्तरायण नुकतंच झालेलं, खांबाला मांजा गुंडाळला होता. गोलकीपर एका हाताने तो सोडवत होता आणि तोंड अखंड चालू: "डाबे, डाबे! अरे पाछळ जो! एने छोडतो नहीं!" बॉल त्या टोकाला असला तरी हा आपला इकडून सगळ्यांना हाकतोय. टीव्हीवर कॉमेंट्रीच्या आवाजात हे ऐकूच येत नाही गं. मला तर वाटतं, फुटबॉल अर्धा ऐकायचाच खेळ आहे. डोळे मिटले असते तरी कुठली बाजू घाबरली आहे ते कळलं असतं.

आणि घाबरलीच. एका बॅकने गडबडीत बॉल पायाने मागे ढकलला, गोलकीपरने उचलला, शिट्टी! आत्या उसळली, "अरे, तो गोली आहे. त्याने हातात नाही घ्यायचा तर कुणी घ्यायचा?" शेजारच्या पोराने शांतपणे समजावलं. आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. १९९२ पासूनचा नियम. त्याआधी मागे पास द्यायचा, उचलायचा, असं करत वेळ काढायचे. "आणि डोक्याने दिला तर?" आत्याने विचारलं. तर चालतो. हे तिला फार पटलं. तरुणपणी हुतूतू खेळलेली बाई ती. १९२३ साली हुतूतूचे नियम आपल्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापले, हे तिने त्या पोरालाही लगेच ऐकवलं. नियमात पळवाट कशी शोधतात आणि मग ती बुजवावी कशी लागते, हे तिला सांगायला नको.

मग खरी गंमत. फ्री किक गोलच्या अगदी तोंडाशी, पण थेट मारून गोल होत नाही, आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. रेफरीने हात वर धरून ठेवलेला. इकडे अख्खी टीम गोललाइनवर, खांबापासून खांबापर्यंत, खांद्याला खांदा लावून. एक बुटका पोरगा दोघांच्या मधे नुसता चेंगरला होता, फक्त डोळे दिसत होते. एकाने बॉल टेकवला, दुसऱ्याने हाणला, तो नेमका बुटक्याच्या कपाळावर आपटून आडव्या दांडीवरून थेट नदीत!

सगळे काठापर्यंत धावले आणि तिथेच थांबले. बॉल जलपर्णीत अडकून डोलतोय, आणि पलीकडची एक मगर आरामात पाण्यात उतरली. तुझ्या अहोंनी मागे सांगितलं होतं ना, इंग्लंडात श्रूजबरीचं मैदान सेव्हर्न नदीला लागून होतं आणि फ्रेड डेव्हिस नावाचा माणूस टोपलीच्या होडीतून बॉल काढून आणायचा? २००७ मध्ये क्लबने ते मैदान सोडलं तेही त्यांनीच सांगितलेलं. त्या डेव्हिसना म्हणावं, एकदा विश्वामित्रीत उतरून दाखवा.

बुटक्याला कपाळावर पाणी मारलं, जुना बॉल आणला, लाल बनियनवाले २-१ ने जिंकले. अंधार पडायच्या आत ब्लाऊजही मिळाले. बाह्या घट्ट झाल्यात, तो विषय वेगळा.

आता काम. बॉल शेवटी बुटक्याला लागून बाहेर गेला, तरी रेफरीने गोलकिक दिली, म्हणजे बॉल परत बुटक्याच्याच टीमला. बहुतेक त्याचं लक्ष मगरीकडे होतं. आत्या म्हणते, हा सरळसरळ अन्याय. शेजारचं पोरगंही म्हणालं, कॉर्नर हवा होता, म्हणजे समोरच्या टीमला कोपऱ्यातून किक. तुझ्या अहोंना विचारून लगेच कळव, नाहीतर पुढच्या शनिवारी ही बाई रेफरीला गाठल्याशिवाय राहत नाही.

तुझी,
मंजू

ता. क. लीलो चिवडा पाठवतेय. यंदा तिखट जरा बेताचं आहे.