जुना व्हिडिओ कॅमेरा भंगारात घालण्यापूर्वी

संपादक महोदय,

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत मुंबईतल्या कितीतरी घरांच्या माळ्यावरून छोट्या कॅसेटवर चालणारे मिनीडीव्ही किंवा हाय-एटचे कॅमेरे खाली येतात. अ‍ॅडॉप्टर लावला, बटण दाबले, कॅमेरा दोन सेकंद घरघरला आणि बंद पडला, की तो भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जातो. कृपया तसे करू नका. चित्रीकरणाला आता मोबाइल आहे, पण घरातल्या लग्ना-मुंजीच्या कॅसेट वाचणारे यंत्र तेच आहे. एलपी मोडवर (टेप हळू चालवून जास्त वेळ चित्रीकरण करण्याची सोय) भरलेली कॅसेट तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर बरेचदा तुटक दिसते; ज्यावर भरली त्याच कॅमेऱ्यावर ती धड दिसण्याची आशा जास्त.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कॅमेरा चालतो का, हे बघायला लग्नाचीच कॅसेट आत घालणे. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने टेप आत ओढून घेणाऱ्या दातेरी चाकांवरचे ग्रीस घट्ट होते. टेप ड्रमभोवती (टेप वाचणारा फिरता दंडगोल) ओढली जात असतानाच मोटर अडते आणि टेप आत लोंबकळत राहते. मग कोणीतरी झाकण जोराने उघडतो आणि ती चुरगळते. मिनीडीव्हीची टेप जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद, तिच्यावरचा एकेक ट्रॅक १० मायक्रॉनचा. चुरगळलेल्या जागेवरचे चित्र परत येत नाही.

म्हणून आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा. फुगलेली असेल तर चार्ज करू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. कॅमेरा अ‍ॅडॉप्टरवर चालवा. अ‍ॅडॉप्टर मूळचा नसेल तर त्याचे व्होल्टेज आणि पिनेची धन-ऋण बाजू कॅमेऱ्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. तारीख-वेळ टिकत नसेल तर घाबरू नका. आतली छोटी बॅटरी रिकामी झालेली असते. कॅमेरा बंद ठेवून २४ तास अ‍ॅडॉप्टर लावून ठेवला की ती बहुधा भरते.

दुसरा शत्रू आपली हवा. एसीच्या खोलीतला गार कॅमेरा दमट हॉलमध्ये आणला की ड्रमवर दव धरते, ओली टेप त्याला चिकटते. त्यासाठीच दवाचा सेन्सर कॅमेरा थांबवतो. सोनीच्या कॅमेऱ्यांत तेव्हा ‘सी:२१’ दिसते. कॅसेट काढून, झाकण उघडे ठेवून किमान एक तास थांबा. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका, पिठाची धूळ आत शिरते.

आता कोरी कॅसेट. बाहेरचे झाकण पूर्ण उघडले की आतला कप्पा मोटरने वर येतो. कॅसेट ठेवून कप्प्यावर ‘पुश’ लिहिले असेल तिथेच दाबा; तो आपोआप खाली बसेपर्यंत बाहेरचे झाकण लावू नका. हे झाकण दाबून बसवण्याच्या घाईत बिघडलेले कॅमेरे पुष्कळ. दोन मिनिटे चित्रीकरण करून परत पाहा, कॅसेट तीनदा आत-बाहेर करा. ‘सी:३१’ किंवा ‘सी:३२’ आले तर वीज तोडा, थोडे थांबून पुन्हा लावा. तरीही तेच आले तर यंत्रणा साफ करून नवे ग्रीस लावावे लागेल. दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडला न्या की बोरा बाजारात, आत आपली कॅसेट ठेवून देऊ नका.

चित्रात चौकोन किंवा एक सोडून एक आडव्या पट्ट्या दिसल्या तर हेडवर (ड्रमवरचे टेप वाचणारे टोक) मळ आहे. कोरडी क्लीनिंग कॅसेट फक्त १० सेकंद चालवा आणि पुन्हा पाहा. कापसाची काडी वापरू नका, तिचे धागे हेडच्या टोकाला अडकतात. कॅमेऱ्यातून समोरचे दृश्य काळे किंवा जांभळट, पण कॅसेटवरचे चित्र स्वच्छ, असे असेल तर दोष चित्र टिपणाऱ्या सेन्सरचा. साधारण २००२ ते २००४ दरम्यान बनलेल्या काही सेन्सरांत उष्ण-दमट हवेत आतली जोडणी सुटते, हे २००५मध्ये अनेक कंपन्यांनी जाहीर केले होते. असा कॅमेरा कॅसेट वाचायला उत्तम चालतो!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा हाय-एट मात्र सारखा चालू करून पाहू नका. त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळून सर्किट खातात. ते बदलण्याचे काम जाणकाराचेच.

खरी कॅसेट घालण्यापूर्वी तिच्या मागची खिटी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून तिच्यावर नवे चित्रीकरण होणार नाही. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कॅसेट चालवू नका, नाहीतर हेडही जाईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होईल. टेप स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, मग मिनीडीव्ही असेल तर फायरवायर केबलने (डिजिटल चित्र जसेच्या तसे नेणारी केबल) संगणकावर उतरवा. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. मिनीडीव्ही कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून बहुधा नुसते फोटो किंवा हलक्या दर्जाचे चित्र येते, त्यावर समाधान मानू नका.

काम झाले की कॅसेट आणि बॅटरी काढून, बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवून, कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात कपाटात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. पावसाळ्यात ते लवकर गुलाबी होतात.

आपला,
एक वाचक, गिरगाव