तव्यावरचं '१८९१' हे ओतल्याचं साल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या बिडाच्या भांड्यांवर लेख वाचला. बिडाच्या तव्याला कुणी अर्धं पान देतं, याचाच आधी आनंद झाला. पण एका छायाचित्राखाली, तळावर १८९१ आहे म्हणून तो पॅन त्या सालचा, असं छापलं आहे. ते चूक आहे. मी कोल्हापुरात उद्यमनगरात ३८ वर्षं फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा घेतात ते नमुने, केले, म्हणून राहवलं नाही.

हीच फसगत आमच्या घरी झाली. माझी लेक ओहायोत डेटनला असते. तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून तिने असाच पॅन शंभर वर्षांचा समजून, शंभर वर्षांच्या भावाने आणला. मी गेल्यावर कौतुकाने हातात दिला. उलटा केला, तर तळावर 'वॅग्नर्स १८९१ ओरिजिनल' आणि खाली वापराच्या सूचना ओतलेल्या. वॅग्नर बंधूंचा कारखाना डेटनच्या उत्तरेला सिडनी गावात १८९१ मध्ये सुरू झाला. त्याची शंभरी भरली तेव्हा, १९९१ मध्ये, हे स्मरणार्थ पॅन निघाले. ते साल कारखान्याच्या जन्माचं. लेकीचा पॅन तिच्याहूनही लहान निघाला!

मग वय ओळखायचं कसं? तळाच्या मधोमध चिरेसारखा लांबट वण असेल, तर तो दोष समजू नका. साच्यात वितळलेल्या बिडाचा रस तळाकडून सोडायचे. थंड झाल्यावर गेट, म्हणजे रस आत जायच्या वाटेत गोठलेला तुकडा, मोडलं की हा वण राहायचा. असे पॅन बहुतेक १८९० च्या आधीचे. पुढे गेट कडेला गेलं आणि घासून काढलं जाऊ लागलं. तळाला उंच कडं असेल, तर तो पॅन लाकूड-कोळशाच्या शेगडीच्या भोकावर बसवण्यासाठी केलेला. दांड्यावरचा ८ हा आकडासुद्धा इंच नव्हेत. त्या भोकाच्या मापाचा तो नंबर. ८ नंबरचा पॅन वरून मोजलात तर साडेदहा इंचांच्या आसपास भरतो.

ग्रिस्वल्ड या दुसऱ्या जुन्या अमेरिकन कारखान्याच्या ८ नंबरच्या पॅनवर बऱ्याचदा ७०४ असतं. हेही साल नाही, पॅटर्नचा नंबर आहे. त्यापुढे एखादं अक्षर असतं. एका मूळ पॅटर्नवरून कामाचे अनेक पॅटर्न काढतात, त्यांतला हा कुठला, ते त्या अक्षरावरून कळतं. आम्हीही अशीच खूण करायचो. ते पाहून पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या, कधी न पाहिलेल्या पॅटर्नमेकरशी माझी ओळख पटली. ग्रिस्वल्डचा ईरीचा कारखाना १९५७ मध्ये बंद झाला, नाव मात्र सिडनीच्या वॅग्नरकडे गेलं. त्यामुळे ग्रिस्वल्ड हे नाव दिसलं म्हणजे पॅन ईरीचाच, असंही धरू नये.

नकली पॅन ओळखण्याची खूण तर आमच्याच धंद्यातली. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. आमची मोजपट्टीच त्या हिशेबाने वाढवलेली असते. नकली करणारा नवा पॅटर्न करत नाही. जुना पॅनच वाळूत दाबतो आणि त्या ठशात रस ओततो. तो पुन्हा आकसतो. साडेदहा इंचांवर सुमारे अडीच मिलिमीटर कमी भरतात, अक्षरं बोथट येतात, आतून हाताला खरखर लागते. जुन्या चांगल्या पॅनची आतली बाजू घासून गुळगुळीत केलेली असते. नुसत्या नावावर जाऊ नका, पट्टी लावा.

परदेशातल्या मुलांकडून असे पॅन मागवणारे आपले वाचक पुष्कळ आहेत, म्हणून चुकीची दुरुस्ती छापावी ही विनंती. पुढच्या वेळी तळाचा फोटो मोठा छापावा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

लेकीचा तो पॅन बीड म्हणून उत्तम आहे. मी तिथे होतो तोवर रोज सकाळी त्यावरच घावन होत होते.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर